काठावरची राखण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या कितीतरी मुलांना झाडं ओळखायला शिकवलं. त्यांच्या नावाने इथे उभं राहायचं तर विषय झाडापाखरांचाच हवा, हे मी संयोजकांना आधीच सांगितलं होतं. फक्त आज मी तुम्हाला लांब नेणार आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर सॅन डिएगो नावाचं शहर आहे. माझी मुलगी तिथे राहते, त्यामुळे तिथे माझं जाणंयेणं होत आलं. त्या शहरातल्या घळी आणि त्या घळींची राखण करणारी माणसं, हा आजचा विषय.

इतक्या लांबचं कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर सरळ आहे. शहराच्या पोटात अडकलेला रानाचा तुकडा कसा मरतो, याचा अगदी बारकाईने अभ्यास झाला तो याच घळींमध्ये. आणि मरू घातलेला तुकडा जगवायचा कसा, हेही तिथली साधी माणसं सुट्टीच्या दिवशी सकाळी घराबाहेर पडून स्वतःच्या हातांनी शोधत आली आहेत. आपल्या प्रत्येक शहरात टेकड्या आहेत, ओढे आहेत, माळ आहेत. त्यांचंही हेच होतं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कायदा रानाला बुलडोझरपासून वाचवतो, आणि ते फार मोठं काम आहे. पण बुलडोझर थांबला तरी रान काठाकडून मरत राहतं. बागेच्या नळाचं पाणी, अंगणातलं मांजर, परसातून निसटलेलं बी, अशा वाटांनी मरण आत येतं. तिथे पोलीस पुरे पडत नाहीत आणि पालिकाही पुरी पडत नाही. तिथे काठावर राहणारा माणूसच लागतो.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू या. सॅन डिएगोची लोकसंख्या सुमारे 14 लाख. वर सपाट माळ, त्यावर घरं, आणि मधूनमधून पाण्याने कापलेल्या खोल घळी. तिकडे त्यांना कॅन्यन म्हणतात, पण ग्रँड कॅन्यनचं चित्र मनात आणू नका. यातल्या कितीतरी घळींचा तळ काही मिनिटांत उतरून गाठता येतो. अशा शंभराहून जास्त घळी शहरभर पसरल्या आहेत. उतार इतके तीव्र की तिथे घरं बांधणं परवडेना, म्हणून त्या राहिल्या. कोणी मुद्दाम राखल्या असं सुरुवातीला झालं नाही.

पाऊस वर्षाला अवघा 250 मिलिमीटरच्या आसपास, आणि तो पडतो हिवाळ्यात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात सगळं हिरवं झालेलं असतं, तेव्हा तिथल्या घळी करड्या आणि वाळक्या दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, इथे काही उरलेलंच नाही. पण ती झुडपं मेलेली नसतात. बरीचशी उन्हाळ्यात पानं टाकून निजतात आणि डिसेंबरच्या पावसाबरोबर उठतात. उतारांवर कॅलिफोर्निया सेजब्रश नावाचं करड्या पानांचं झुडूप असतं, ते आपल्या दवण्याच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे. पान बोटांत चुरगळलं की त्या नात्याची खूण पटते. तळाला ओढ्याच्या कडेने वाळुंजाचे भाऊबंद, ओक, सिकॅमोर. कुमेयाय लोक हजारो वर्षं या प्रदेशात राहत आले आहेत. ओकची फळं कुटून, पाण्याने धुऊन, त्यांचा तुरटपणा काढून ते खात. आज जिला रोझ कॅन्यन म्हणतात तिच्या तोंडाशी त्यांचं एक गाव होतं. तेव्हा ही जागा कधीच निर्मनुष्य नव्हती. माणूस आणि रान यांची इथली जुनी ओळख आहे, ती मध्ये तुटली.

जैवविविधतेने श्रीमंत आणि तितक्याच धोक्यात असलेल्या जगातल्या प्रदेशांची एक यादी शास्त्रज्ञांनी केली आहे. त्या यादीत आपला पश्चिम घाट आहे, आणि हा कॅलिफोर्नियाचा प्रदेशही आहे.

1908 साली जॉन नोलेन या नगररचनाकाराने शहराचा आराखडा केला आणि त्यात घळी मोकळ्या राखण्याचा आग्रह धरला. त्याचं म्हणणं अर्धवटच ऐकलं गेलं. पुढच्या काळात काही घळी भराव घालून बुजल्या, काहींच्या तळातून महामार्ग गेले. पण काही ठिकाणी माणसं आडवी उभी राहिली. सॅन क्लेमेंटे कॅन्यनच्या तळातून 52 क्रमांकाचा महामार्ग जायचा होता. मॅरियन बेअर नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात तो तळातून हलवून वरच्या उतारावरून न्यावा म्हणून सतत पाठपुरावा केला. त्या काही मंत्री नव्हत्या की अधिकारी नव्हत्या. रस्ता वर गेला आणि तळातले ओक-सिकॅमोर राहिले. आज त्या घळीतल्या उद्यानाला त्यांचंच नाव आहे.

शहराच्या सनदेतही एक चांगली तरतूद आहे. उद्यान म्हणून एकदा अर्पण केलेली जमीन दुसऱ्या कामासाठी काढायची तर शहरातल्या मतदारांचा कौल घ्यावा लागतो, आणि दोन तृतीयांश मतं बाजूने पडावी लागतात. आपल्याकडे आरक्षणं कशी उठतात हे तुम्ही जाणता, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

म्हणजे जमीन वाचली. पण रान वाचलं का?

हा प्रश्न मायकेल सुले यांनी विचारला. सुले याच शहरात 1936 साली जन्मले. संवर्धन-जीवशास्त्र ही ज्ञानशाखा आज जगभर शिकवली जाते, तिची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्यांनी 1978 मध्ये सॅन डिएगोतच भरवली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या 37 घळींमधले पक्षी मोजले. कोणती घळ कोणत्या काळात घरांनी चहूबाजूंनी वेढली गेली, हे नकाशांवरून काढता येत होतं. म्हणजे प्रत्येक घळ किती वर्षं एकटी पडली आहे हे माहीत होतं. 1988 साली त्यांनी जे मांडलं ते फार अस्वस्थ करणारं होतं. घळ जितकी लहान, आणि एकटी पडून तिला जितकी जास्त वर्षं झालेली, तितके तिच्यातले झुडपी रानाचे पक्षी कमी. झुडपं जागेवर होती, कुंपण जागेवर होतं, आणि पक्षी गेलेले होते. रेनटिट नावाचा एक लहान पक्षी उघड्यावरून फारसा उडतच नाही. त्याच्या दोन झुडपांमध्ये चार पदरी रस्ता आला की त्याची एका बाजूची पिढी तिथेच संपते. रोडरनर हा आपल्या भारद्वाजाच्या कुळातला, जमिनीवरून धावत शिकार करणारा. त्याला तर मोकळं, सलग रान लागतं. तोही लहान घळींमधून नाहीसा होत गेला.

आता इथे थोडं थांबते, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

या घळींमधला सगळ्यात मोठा शिकारी म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्यासारखा दिसतो, अंगाने थोडा मोठा. 1999 साली केव्हिन क्रूक्स आणि सुले यांनी 28 घळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की ज्या घळींत कायोटी येत-जात होता तिथे पक्ष्यांच्या जाती जास्त टिकल्या होत्या. कायोटी पक्षी राखतो? हो, राखतो. कारण कायोटी असला की मधल्या फळीतले शिकारी, म्हणजे करडा कोल्हा, ओपॉसम आणि मुख्य म्हणजे माणसांची मांजरं, बिचकून राहतात. तो गेला की हे सगळे मोकळे सुटतात.

मांजरांचा त्यांनी मांडलेला हिशेब ऐका. साधारण 20 हेक्टरची एक घळ, तिच्या काठावर शंभरेक घरं. या घरांतली बाहेर हिंडणारी मांजरं वर्षाकाठी जी शिकार तोंडात धरून घरी आणतात तिचा अंदाज असा: 840 उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी, 525 पक्षी आणि 595 सरडे. ही फक्त दारात आणून ठेवलेली शिकार. रानात मारून तिथेच टाकलेली यात धरलेली नाही. 20 हेक्टरच्या तुकड्यात पक्षी असून असून असणार किती? ही मांजरं पोटभर जेवलेली असतात. शिकार कमी झाली म्हणून रानातला शिकारी उपाशी मरतो आणि भक्ष्याला उसंत मिळते. मांजर उपाशी मरत नाही. त्याची वाटी संध्याकाळी भरलेलीच असते, म्हणून पक्ष्यांना उसंत मिळत नाही.

याला कायदा काय करणार? घरोघरी जाऊन मांजरं कोण मोजणार? पण त्याच अभ्यासात एक आशेची गोष्टही आहे. आसपास कायोटी फिरतो आहे हे कळल्यावर जवळजवळ निम्मे मांजरवाले आपलं मांजर घरात ठेवत होते. म्हणजे शेजाऱ्याला नुसतं खरं कळलं तरी फरक पडतो. आणि शेजाऱ्याला सांगायचं कोणी? शेजाऱ्यानेच. घळीवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाचा अर्धा भाग घळीच्या बाहेर, लोकांच्या दारात चालतो तो यासाठी. मांजर आत ठेवा. कुत्र्याचं खाणं रात्री अंगणात ठेवू नका. कायोटीला खाऊ घालू नका आणि त्याच्यावर विषही घालू नका. उंदरांसाठी विष वापरू नका, कारण विष खाल्लेला उंदीर घुबड खातं. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती 2011 पासून वनखात्याने नागरिकांना बरोबर घेऊन बिबट्याबद्दल वस्त्यावस्त्यांत जे बोलणं सुरू केलं, ते याच जातीचं काम. बिबट्याला पकडून लांब सोडण्यापेक्षा कचरा उचला आणि भटकी कुत्री कमी करा, हे सांगणं किती जड जातं, ते त्या लोकांना विचारा.

दुसरी वाट पाण्याची.

250 मिलिमीटर पावसाच्या मुलखात माणसं हिरवळ लावतात आणि तिला बारा महिने पाणी देतात. जादा पाणी काठावरून खाली झिरपतं. रानाला पाणी मिळालं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. दक्षिण अमेरिकेतून जहाजांबरोबर आलेली अर्जेंटाइन मुंगी कोरड्या जमिनीत टिकत नाही. तिला ओल लागते. बागेची ओल जिथपर्यंत उतरते तिथपर्यंत ती घळीत उतरते, आणि तिथल्या मूळच्या मुंग्यांना हुसकावून लावते. या मूळच्या मुंग्यांवर, विशेषतः बिया गोळा करणाऱ्या मोठ्या मुंग्यांवर, एक शिंगाळ सरडा जगतो. चपटा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर काट्यांचा मुकुट, आणि शत्रू अंगावर आला की डोळ्यांच्या कडेतून रक्ताची चिळकांडी उडवणारा. नवी मुंगी त्याला भावत नाही, तिच्यावर त्याचं भागत नाही. म्हणून वरच्या घरातला नळ जास्त वेळ उघडा राहिला की खालच्या घळीतला सरडा जातो. त्या घरातल्या माणसाने आयुष्यात कधी सरड्याला दगड मारलेला नसेल. त्याला हे माहीतच नसतं. कोणी सांगितलेलं नसतं.

पाण्याबद्दल आणखी एक सांगून पुढे जाते. शहराच्या मैलापाण्याच्या वाहिन्या कितीतरी घळींमधून जातात, कारण पाणी उताराने वाहतं. 2000 साली अशाच एका घळीतली वाहिनी फुटून सुमारे 13 कोटी लिटर मैलापाणी बाहेर पडलं, आणि ते कित्येक दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. जिथे रोज कोणी फिरकत नाही तिथे असंच होतं. आज घळींचे स्वयंसेवक ओढ्याच्या पाण्याचे नमुने घेतात, वास आला तर फोन करतात. साधी गोष्ट आहे, पण त्यासाठी माणूस तिथे असावा लागतो.

तिसरी वाट बियांची. इथे आपल्या स्वयंपाकघराची ओळख निघते. घळीत पहिल्यांदा उतरले तेव्हा मी चकितच झाले. समोर डोक्याच्याही वर गेलेली बडीशेप. उतारभर पिवळी धमक मोहरी. ओढ्याकडेला एरंड. आपल्या डब्यातली आणि परसातली ही झाडं तिथे सगळ्यात त्रासदायक तण म्हणून उपटली जातात. मोहरी स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून तिथे पसरली आहे. ती हिवाळ्यात भराभर वाढते, तिथल्या रोपांच्या वाट्याचा ओलावा आणि उजेड घेते, आणि मे-जूनपर्यंत वाळून तिच्या काड्या होतात. उन्हाळ्यात त्या काड्या वणव्याला आमंत्रण देतात.

मोहरी वाईट का? मुळीच नाही. ती फक्त तिथली नाही. तिला खाऊन आवाक्यात ठेवणारे किडे-प्राणी तिच्याबरोबर आले नाहीत. याची उलट बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, सुबाभूळ, गिरिपुष्प, आणि रस्त्याकडेला फुलतो म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो तो कॉसमॉस, ही सगळी अमेरिका खंडांतून आपल्याकडे आलेली. त्यांच्याकडे आपल्याकडची निघाली, आपल्याकडे त्यांच्याकडची.

उपटण्याचं काम मी जवळून पाहिलं आहे, थोडं केलंही आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे. लोकांना वाटतं, तण उपटायला काय अक्कल लागते? बडीशेपच घ्या. वरून कापली तर महिन्याभरात दुप्पट जोमाने येते, कारण तिचा जीव जमिनीखालच्या जाड गड्ड्यात असतो आणि मूळ खोल गेलेलं असतं. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले की माती मऊ असते, तेव्हाच कुदळ घालायची. गड्ड्याच्या भोवती माती मोकळी करायची, मग दोन्ही हातांनी बुंधा धरून हळूहळू पिळत ओढायचा. मुळाला चिकटलेली माती जागेवरच झटकायची. पडलेला खड्डा बुजवायचा, पायाने दाबायचा, आणि आजूबाजूचा पालापाचोळा पुन्हा त्यावर ओढून घ्यायचा. शेवटची पायरी नवखे हमखास विसरतात. उघडी राहिलेली माती म्हणजे पुढच्या तणाला दिलेली जागा. माझ्या शेजारी काम करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. माझी एक जागा त्यांनी काही न बोलता पुन्हा पाल्याने झाकली आणि म्हणाल्या, "आता पुढे." त्या दिवशी घरी आल्यावर कितीदा धुतले तरी हातांचा बडीशेपेचा वास जाईना.

कुठून सुरुवात करायची, यातही शास्त्र आहे. साधा माणूस जिथे तण जास्त तिथे धावतो. 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदराकाठी राहणाऱ्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी याच्या बरोबर उलट पद्धत बसवली. रोज फिरायला जाताना थोडं थोडं तण काढायचं. सुरुवात रान जिथे सगळ्यात निरोगी आहे तिथून करायची आणि हळूहळू बिघडलेल्या बाजूकडे सरकायचं. जमीन कमीत कमी उकरायची. आणि रान स्वतःहून जितक्या वेगाने मोकळी जागा भरून काढेल, त्यापेक्षा जास्त वेगाने पुढे जायचं नाही. या दोन बहिणींना कोणी नेमलेलं नव्हतं, त्या नुसत्या तिथे राहत होत्या. जगभरातल्या रानराखणदारांनी त्यांच्याकडून ही पद्धत घेतली. मला तर वाटतं, विसाव्या शतकात रान राखण्याबद्दल सुचलेल्या शहाण्या गोष्टींत हिची गणना करावी.

लावणीचंही तसंच. रोप लावायचं ते पावसाच्या तोंडावर, तिथे म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. बी त्याच घळीतलं किंवा शेजारच्या घळीतलं. रोपवाटिकेच्या मातीतून मुळांचे रोग रानात शिरतात, म्हणून कुंड्या-अवजारांची स्वच्छता कसोशीने. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत झुडपं तोडण्याची कामं थांबवायची, कारण तेव्हा विणीचा हंगाम असतो. जेमतेम सहा ग्रॅम वजनाचा कॅलिफोर्निया नॅटकॅचर हा पक्षी सेजब्रशच्या झुडपात जमिनीपासून हातभर-दोन हात उंचीवर वाटीसारखं घरटं करतो. त्याचा आवाज मांजरीच्या पिलासारखा. 1993 मध्ये त्याला केंद्रीय कायद्याखाली संरक्षण मिळालं आणि त्याच्यामुळे सॅन डिएगोच्या जमिनीचं सगळं राजकारण बदललं. बिल्डर, पालिका आणि निसर्गप्रेमी एका टेबलावर आले, आणि 1997 मध्ये 85 जातींसाठी मिळून संवर्धन आराखडा ठरला. कागदावर तो फार मोठा आहे. पण त्या सहा ग्रॅमच्या पाखराच्या घरट्याजवळ कुदळ चालवायची नाही, हे पाळतो कोण? ती कुदळ हातात असलेला माणूस.

वणव्याबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर चित्र खोटं होईल. 30 जून 1985 रोजी घळीतून वर चढलेल्या आगीत नॉर्मल हाइट्स वस्तीतली 76 घरं जळाली. काठावर राहणाऱ्याला झुडपांची भीती वाटते ती उगाच नाही. घराभोवतीच्या शंभर फुटांत झाडोरा विरळ ठेवावा असा तिथे नियम आहे आणि तो योग्यच आहे. जाणते स्वयंसेवक रहिवाशांशी यावर भांडत बसत नाहीत. विरळ करताना काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे ते बरोबर उभं राहून दाखवतात. वाळकी मोहरी आधी काढा, सुमाक नावाचं तिथलंच हिरवं झुडूप राहू द्या.

आता एक हळवी गोष्ट, कारण ती माझ्या मनातून जात नाही. तिथे काही नागरिक पावलांचे ठसे वाचायला शिकतात आणि ठरलेल्या वाटांवरून वर्षातून काही वेळा नोंदी घेतात. मी त्यांच्या एका फेरीत मागे मागे चालले होते. ओल्या वाळूत एक ठसा होता. त्यांनी दोन काड्या शेजारी ठेवून लांबी-रुंदी दाखवली. कुत्र्याचं पाऊल फाकलेलं असतं, नखं सगळीकडे उमटतात आणि चाल वेडीवाकडी असते. कायोटीचं पाऊल लांबट, आवळलेलं, आणि पावलं एका सरळ रेषेत. रानमांजराचं गोलसर, नखांशिवाय. तो ठसा रानमांजराचा निघाला. वरून महामार्गाचा आवाज येत होता, घळीतून रेल्वे जात होती, आणि आदल्या रात्री रानमांजर तिथून चालत गेलं होतं. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या की कोणत्या पुलाखालून प्राणी जातात, कोणती मोरी बंद झाली आहे, हे ठामपणे सांगता येतं. पुरावा हातात असलेल्या नागरिकाशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतात.

रोझ कॅन्यनमध्ये याचं मोल दिसलं. या घळीवरून एक मोटारपूल बांधायचा, असं वस्तीच्या आराखड्यात कित्येक वर्षं लिहिलेलं होतं. पूल हवा म्हणणारेही तिथलेच रहिवासी होते. त्यांना वाहतुकीची कोंडी सोसत नव्हती आणि अग्निशमनाची गाडी लवकर पोचावी असं वाटत होतं. त्यांची बाजू हलकी नव्हती. 2006 मध्ये नगरपरिषदेने पुलाच्या बाजूने कौल दिला. फ्रेंड्स ऑफ रोझ कॅन्यन या नागरिकांच्या संस्थेने कायद्याची लढाई तर केलीच, पण त्याहून चिकाटीचं काम त्यांनी घळीत केलं. शाळेतल्या मुलांना खाली नेलं, त्यांच्याकडून रोपं लावून घेतली, हरणं कुठून येतात ते दाखवलं. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, नगरपरिषदेने तो पूल आराखड्यातूनच काढून टाकला. दहा वर्षांत काय बदललं असेल? माझ्या मते हे बदललं: घळ कशी आहे हे स्वतः पाहिलेली माणसं वाढली.

आणि एक अवघड प्रश्न. सुखवस्तू वस्तीच्या घळीला राखणदार मिळतात. गरीब वस्तीच्या घळीचं काय? सिटी हाइट्स ही जगभरातून आलेल्या निर्वासितांची आणि स्थलांतरितांची दाट वस्ती. तिथल्या मँझनीटा, स्वान अशा घळींत बरीच वर्षं कचरा पडत राहिला आणि लोकांना तिथे जायची भीती वाटायची. तिथे काम करणाऱ्यांनी आधी पायवाटा नीट केल्या, मुलांना सुरक्षित फिरता येईल असं पाहिलं, आणि मगच पक्ष्यांबद्दल बोलले. हा क्रम मला बरोबर वाटतो. काही घळींत बेघर माणसं राहतात. त्यांना कचऱ्यासारखं हुसकावून लावणारं संवर्धन मला मान्य नाही, आणि चुलीच्या ठिणगीने घळ पेटू शकते हेही खरं आहे. यावर तिथे अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. प्रामाणिकपणे काम करणारे लोक तसं कबूलही करतात.

आपल्याकडे वळते आणि संपवते. आपल्याकडे झुडपाला मान नाही. झाड म्हटलं की आपल्याला उंच झाड हवं असतं. माळ दिसला की आपण त्याला पडीक म्हणतो आणि खड्डे खणायला घेतो. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाईच्या चांगल्या हेतूनेच गिरिपुष्प लावलं गेलं, आणि त्याखाली गवताळ उताराची फुलं व कीटक गेले. विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी रान आहेत की नाहीत हा वाद कित्येक दशकं चालला, शेवटी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच आहेत असं सांगितलं. न्यायालयाने सांगितलं, फार चांगलं झालं. आता त्यांच्या काठावर कोण आहे?

गावामागच्या टेकडीबद्दल माझी संयोजकांशी बोलणी झाली आहेत. पावसाळ्यात तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरत होता. मी त्यांना विनंती केली की एक वर्ष काही लावू नका आणि काही उपटूही नका. आधी सगळे ऋतू बघा. कोणतं गवत कधी येतं, टिटवी कुठे अंडी घालते, पाणी कुठून उतरतं, कोणाच्या घराचं सांडपाणी कुठे मुरतं, कुत्री कोणत्या वाटेने वर जातात, हे लिहून काढा. घाणेरी कुठे दाट आहे त्यापेक्षा कुठे अजून पोचलेली नाही, ते आधी नकाशावर मांडा. काम तिथून सुरू होईल. त्यांनी ते मान्य केलं, याचा मला फार आनंद आहे. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या चाळीतल्या बायका रोज लाकूडफाट्याला वर जातात. टेकडी त्यांच्याइतकी आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. पहिल्या बैठकीला त्यांना बोलवा, आणि बैठक त्यांना जमेल त्या वेळेला ठेवा.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पाण्याच्या टाकीपाशी जमायचं आहे. वही-पेन आणा. नावनोंदणी दाराशी चालू आहे. वेळ झाली आहे, पण अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं दिली आहेत. विचारा.